खिरीचा द्रोण

त्र्याऐंशी सालच्या बुद्धपौर्णिमेला धानोऱ्याच्या विहारात लहानू बादलीतली खीर पळसाच्या द्रोणांत वाढून प्रत्येकाच्या हातात देत होता. गिरजाबाई समोर आली तसा त्यानं द्रोण लांब जमिनीवर ठेवला. तिच्या कोपरांवर आणि तळव्यांवर पांढऱ्या खपल्या होत्या. “सोरायसिस हाये भाऊ, महारोग नाई. शिवल्यानं होत नाई, डाक्टरनं सांगतलं.” “मले समजते बाई,” तो पुटपुटला, “पण लोकं पाहून राह्यले.” गिरजाबाईनं द्रोणाला हात लावला नाही. कमरेत वाकून तिनं ओंजळ पुढं केली. “मंग वरूनच टाका.” लहानूची पळी हवेतच थांबली. छप्पन सालच्या धम्मदीक्षेआधी पाटलाच्या विहिरीवर त्याचा बाप अशीच ओंजळ धरून वाकायचा आणि विटाळ नको म्हणून पाटलाचा गडी घागर उंच धरायचा. लहानूनं पळी सोडली, द्रोण उचलला आणि बोटाला बोट लागेल असा तिच्या हातात दिला.