सोळावा माणूस

पहिला दांडा पाठीत बसला तेव्हा अरासेलीने डोळे मिटले. प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या.

"जोरात रे, जोरात!" फुएंतेगार्साचा न्हावी ओरडला. "चारशे वर्षांपूर्वी आपल्या खापरपणज्यांनी याहून बरं हाणलं होतं!"

खाली धुळीत पडलेला माणूस म्हणजे सुरोन, एका जुन्या कादंबरीतला भामटा. कादंबरीत तो ला मांचातल्या चार गावांतून जातो आणि चारही गावांत मार खातो. आता तीच गावं बसने दाखवायची आणि प्रत्येक चौकात गावकऱ्यांनी त्याला मारून दाखवायचं, अशी ही साहित्यिक सहल होती. गाइड म्हणून अरासेलीचा आज पहिला दिवस.

सहल कंपनीच्या मालकाने सकाळीच फोनवर सगळं समजावलं होतं.

"सुरोन झालेला फ्रोइलान एकोणीस वर्षं मार खातोय. तो वाटेत चढेल. त्याला दोन वाजेपर्यंत स्वतःच्या पायांवर शेवटच्या गावाला, पेन्यासोर्दाला पोचव. नाही जमलं तर सोमवारपासून परत कारखान्यात टर्की कोंबड्या सोलायला जा."

"पण त्यांना लागत नाही का?"

"आतून गाद्या बांधतो तो. हात राखून मारलं तर उलट त्याला अपमान वाटतो. त्याच्याशी गप्पा मारू नकोस, भूमिकेत असतो. आणि पुस्तक वाचलंयस ना?"

"हो तर," अरासेली म्हणाली. तिने मागचं कव्हर वाचलं होतं.

"मग शेवट माहीतच आहे तुला. शेवटच्या गावात तो दांडा हिसकावतो आणि सोळा जणांना आडवं करतो. एकही उठत नाही. जेवणाआधी लोकांना ते झेपत नाही, म्हणून आपण बदललंय. आपल्याकडे सरपंच त्याला माफ करतात आणि मग सगळे मटण खातात."

फ्रोइलान वाटेत चढणार होता, पण सुरोन हॉटेलच्या दारातच उभा होता. फाटकी घोंगडी, कमरेला लाकडी वाडगा, डोळे जमिनीवर. अरासेलीने त्याला ड्रायव्हरशेजारी बसवलं. चौदा नंबरची सीट मात्र रिकामी राहिली.

"ओल्मेदो म्हणून कुणी आहेत," तिने यादी पाहिली. "कत्तलखान्यातून निवृत्त."

"जन्मभर पहाटे उठला असेल बिचारा," ड्रायव्हर म्हणाला. "झोपू दे की." आणि त्याने जी बस सोडली, ती थेट फुएंतेगार्सालाच थांबवली.

मार संपल्यावर सुरोन उठला, तोंडातून एक दात काढून त्याने तळहातावर ठेवला आणि नीट पाहिला.

"छान झालं," तो म्हणाला. "पुस्तकात डावा पडतो. पण चालेल."

मग त्याने घोंगडीतून एक वही काढली आणि शिक्का मारायला पुढे केली. प्रवाशांकडेही तशाच वह्या होत्या. नटांची हजेरी पण यातच घेत असतील, असं समजून अरासेलीने शिक्का मारला.

व्हाल्देकुएर्व्होत बायकांनी त्याला धुण्याच्या धोपाटण्यांनी बडवलं. एका आजीबाईंना धाप लागली, तर त्यांना खुर्ची आणून दिली आणि त्यांनी बसून बडवलं. सुरोनच्या कपाळातून रक्त आलं. "बिटाचा रस," अरासेलीने प्रवाशांना आत्मविश्वासाने सांगितलं.

तिसऱ्या गावात सलगम फेकायची रीत होती. प्रत्येकी एक टोपली. त्याची डावी करंगळी उलट दिशेला वळली, ती त्याने स्वतःच सरळ केली. एक प्रवासी भारावून म्हणाला, "काय अभिनय आहे!"

बसमध्ये अरासेलीला राहवलं नाही. "बरं आहे ना, काका?"

"मजा येतेय," तो म्हणाला. "चाळीस वेळा वाचलंय. पण अंगावर आल्याशिवाय कळत नाही बघा. सगळं पुस्तकाबरहुकूम चाललंय. शेवटपर्यंत असंच आहे ना?"

"अगदी शेवटपर्यंत," अरासेली म्हणाली. तिला वाटलं, एकोणीस वर्षांनंतरही किती ही निष्ठा.

दोनला पाच मिनिटं असताना बस पेन्यासोर्दात शिरली. सुरोन स्वतःच्या पायांवर उतरला. एक पाय ओढत होता, पण मालकाने पायांबद्दल एवढंच म्हटलं होतं. अरासेलीने सुटकेचा श्वास सोडला.

कमानीच्या आत, चारी बाजूंनी बंद चौकात गावकरी ऑलिव्ह झोडायच्या लांब काठ्या घेऊन तयार होते. सरपंचबाई दोमितिला पुढे आल्या.

"आज आम्ही पंधराच आहोत गं. खाटकाचा जावई बाप्तिस्म्याला गेलाय."

"चालेल हो. कोण मोजतंय?"

प्रवाशांना तिने कमानीबाहेरच्या पायऱ्यांवर बसवलं आणि स्वतः शिक्का घेऊन आत उभी राहिली. काठ्या सुरू झाल्या. एक काठी मोडली, दुसरी आणली. बरगडी मोडल्याचा आवाज पायऱ्यांपर्यंत गेला आणि तिथून जोरदार टाळ्या आल्या. मटणाचा वास सुटला होता.

"पुरे!" सरपंचबाईंनी हात वर केला. "सुरोन, हे गाव तुला माफ करतंय!"

सुरोनने मान वर केली. एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्याचा चेहरा गोंधळलेला दिसला.

"माफ?" तो म्हणाला. "हे कुठे आहे पुस्तकात?"

तेवढ्यात अरासेलीचा फोन वाजला. मालक ओरडत होता.

"फ्रोइलान रडतोय फोनवर! सकाळपासून पेट्रोल पंपावर घोंगडी पांघरून उभा आहे, बस थांबलीच नाही म्हणतो! अगं, मग तुम्ही दिवसभर मारताय कुणाला?"

अरासेलीने वर पाहिलं. चौदा नंबरच्या प्रवाशाने न्याहारीच्या भाकरीची पिशवी उचलावी तितक्या सहज सरपंचबाईंच्या हातातली काठी काढून घेतली होती. लंगडत जाऊन त्याने कमानीचं लाकडी दार लावलं, अडसर घातला आणि चौकातल्या लोकांकडे बोट करत हळूच मोजलं. मग पुन्हा एकदा मोजलं.

"ताई," तो नम्रपणे म्हणाला, "पंधराच भरतायत. तुम्हीही या."