दाराची खालची फळी

बाळ नुकतंच झोपलं होतं. शांत स्वयंपाकघरात, वरची नि खालची फळी वेगवेगळी उघडणाऱ्या आमच्या दाराच्या खालच्या फळीची कडी वाजली. वरची फळी उघडीच होती. बाहेर कुणी दिसेना.

"वारा असेल गं," सासूबाई म्हणाल्या. "तू मेलेल्यांना शोधत बस, इकडं सूप करपतंय!"

आमच्या घराण्याची मूळ आजी आपोलोनिया अडीचशे वर्षांपूर्वी जर्मनीहून जहाजानं पेनसिल्व्हेनियात आली. प्रवासभाड्यापोटी तिची चिमुरडी लेक बंदरावरूनच परक्या घरी चाकरीला गेली, ती कायमची. त्या पोरीचं पुढं काय झालं, हेच मी जुन्या कागदपत्रांत शोधतेय.

कडी पुन्हा वाजली. अंगणात पानही हलत नव्हतं.

माझ्या थोरल्या लेकीनं, लिओरानं खालची फळी उघडली आणि मुरंबा लावलेला पाव रिकाम्या पायरीपुढं धरला. तो पाव न दिसणाऱ्या कुणीतरी हळूच तिच्या हातातून काढून घेतला.

"आई," लिओरा म्हणाली, "ही छोटी मुलगी विचारतेय, तूच तिची आई का?"