यंदाची मोजणी

स्पितीतल्या त्या खडकाळ उतारावर पोचताच कुमुदताई थबकल्या. रस्ता रुंद करताना यंत्रानं सगळा उतार खरवडून नेला होता.

वीतभर उंचीचं, मटारासारख्या जांभळ्या फुलांचं ॲस्ट्रॅगॅलस नावाचं ते झुडूप त्यांना आणि त्यांच्या यजमानांना फक्त इथेच सापडलं होतं. बावीस वर्षं दोघं दर जुलैत येऊन एकेक झुडूप मोजत. हिवाळ्यात वरचं सगळं वाळून जाई आणि बर्फ वितळला की त्याच मुळातून पुन्हा पालवी फुटे. उकरलं तर मरेल, म्हणून यजमानांनी त्या मुळाला कधी कुणाला हात लावू दिला नाही.

यंदा ते पुण्यात अंथरुणाला खिळले होते. ताईंनी फोन लावला.

"अहो, एकही उरलं नाही."

 "एखादं मूळ दिसतंय का?" त्यांनी विचारलं. "किती लांब आहे, मोज."

कापलेल्या दरडीतून एक लोंबत होतं. डोळे पुसत ताईंनी टेप लावली.

"सव्वासात फूट."

"एवढं खोल गेलं होतं गं ते," ते म्हणाले.