कर्ली खाडीतली वाट

मे महिन्यात कर्ली खाडीत पर्यटकांच्या होड्यांची दाटी होती. होड्या आपोआप चालत, एकमेकींना ओळखून वाट देत. पाण्यातलं माणूस मात्र त्यांना दिसत नसे. पुढच्या होडीतून एक मुलगी पडली आणि होडी तशीच पुढे गेली. मागच्या होडीची मालकीण जयवंती हिने तत्काळ सुकाणू हातात घेतलं.

“हाताने चालवलीत तर परवाना रद्द होईल,” होडी चालवणारं यंत्र म्हणालं.

“होऊ दे मेल्या!” तिने होडी आडवी घातली. मागच्या साऱ्या होड्या थांबल्या. तिने मुलीला वर ओढलं. मुलीचा श्वास अडखळत होता.

तेवढ्यात यंत्राने इंजिन बंद केलं. जयवंतीने वल्हं उचललं आणि होडी मागे धक्क्याकडे वळवली; पण थांबलेल्या होड्यांनी वाट अडली होती.

“बाजूला व्हा, पोर बुडालीय!”

समोरच्या होडीतल्या म्हाताऱ्या पर्यटकाने आयुष्यात पहिल्यांदाच सुकाणू धरलं आणि होडी बाजूला घेतली. मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. धक्क्यापर्यंत वाट मोकळी झाली.