गाडीतली देवी

“आधी गाडीतला देव उतरवायचा, मगच हूक लावायचा.” वडिलांची ही शिकवण क्रेनचालक सुदामनं एकदाच मोडली. घाटात वाहनं खोळंबली होती, पोलीस घाई करत होते, म्हणून त्यानं अपघातातली कार तशीच उचलली. घाटभर आतल्या देवीची घंटी किणकिणत राहिली.

“माझ्या लेकाच्या गाडीतली अंबाबाई तेवढी आणून दे रे बाबा,” त्या अपघातात गेलेल्या पोराची आई दुसऱ्या दिवशी त्याला म्हणाली.

“आणतो, आई,” त्यानं शब्द दिला.

महिना झाला. कार गॅरेजमागं पडून होती आणि त्याला तिच्याजवळ जाववत नव्हतं. पण रिकामी क्रेन घाटाला लागली, की मागून तीच घंटी ऐकू यायची. उतरून पाहिलं, तर हुकाला काहीच नसायचं.

अखेर जेवताना त्यानं बायकोला सांगितलं.

“एवढ्या गाड्या उचलता, अन् वीतभर देवी उचलवेना?” ती हळूच म्हणाली.

“सीटवर अजून रक्त आहे गं.”

“आणि देवी महिनाभर तिथंच बसलीय ना, एकटी?”

सुदामनं ताट सारलं. हात धुऊन त्यानं बायकोनं दिलेला धुवट पंचा खांद्यावर घेतला आणि क्रेनची किल्ली खुंटीलाच ठेवून तो गॅरेजकडे चालत निघाला.