दोन दारांची गाडी

वडिलांचा एक पाय गाडीत होता आणि उरलेले वडील बाहेर. एक हात छपरावर, दुसरा चष्मेवाल्या मुलाच्या खांद्यावर, आणि गुडघा मध्येच अडलेला. धड आत जाता येईना, धड बाहेर येता येईना. फुटपाथवरून चाललेल्या दोन बायका थांबल्या आणि उगाचच हळहळल्या.

"बाबा, आधी बूड टेका, पाय मग," चष्मेवाला म्हणाला.

"टेकायला ते सीट आहे कुठे? जमिनीत?"

पाच मिनिटांनी कसाबसा पाय बाहेर निघाला. वडिलांनी घाम पुसला. "जा, तू फिरून ये," म्हणाले आणि कठड्याला धरून दोन जिने चढून गेले.

लोकांची नजर तपासण्यात चष्मेवाल्याची हयात गेली होती, आणि त्यालाच एवढी साधी गोष्ट दिसली नव्हती. वीस वर्षं त्याने या गाडीचा ध्यास घेतला होता. लाल, बुटकी, दोन दारांची. घेताना त्याने इंजिन ऐकलं, रंगाची जाडी मोजली, टायरवरची नक्षी पाहिली, गाडीखाली आडवा होऊन गंज शोधला. वडिलांचे गुडघे तेवढे पाहायचे राहिले. आणि जुनी गाडी, कपाटासारखी उंच, जिच्यात माणूस उभ्या उभ्या शिरेल अशी, ती त्याने त्याच दिवशी गॅरेजवाल्या मिस्त्रीला देऊन टाकली होती. हौसेला मोल नसतं म्हणतात. अक्कलही नसते.

अकरा वर्षं दर रविवारी सकाळी तो खालून दोनदा हॉर्न वाजवायचा आणि वडील उतरायचे. मग शहराबाहेरच्या तळ्यापर्यंत जाऊन यायचं. वडील खिडकीची काच खाली करून, डोळे मिटून बसत. गाडीचं सुख घ्यावं तर असं, हे तो मित्रांना कौतुकाने सांगे. मुळात तो एका जागी टिकणारा माणूस नव्हता. पण हातात स्टिअरिंग आलं की त्याची जीभ सुटायची. धंदा बुडता बुडता वाचला तेव्हा, बायको चार महिने माहेरी जाऊन राहिली तेव्हा, सगळं त्याने वडिलांना त्या रस्त्यावरच सांगितलं होतं.

आता ते सगळं बंद पडणार होतं.

तो तडक मिस्त्रीच्या गॅरेजात गेला. तिथे रविवारी गाडीवेड्यांचा कट्टा जमायचा. कट्ट्याचा एक अलिखित नियम होता. कुणाच्याही नव्या गाडीला चाळीस दिवस नावं ठेवायची नाहीत. मालकानेसुद्धा नाही.

"नव्या गाडीचा ताप आहे हा. पंधरा दिवसांत उतरतो," कट्ट्यावरचा एकजण, ज्याला सगळे पिस्टन म्हणत, तो म्हणाला. त्याने स्वतः अशाच तापात तीन गाड्या विकल्या होत्या आणि तिन्हींसाठी रडला होता.

मग उपाय निघाले. एकाने उशी सुचवली, दुसऱ्याने फिरतं सीट. शेवटी असं ठरलं, की दर वेळी जॅक लावून गाडी वर उचलायची, वडिलांना आत घ्यायचं आणि गाडी खाली सोडायची. लगेच करूनही पाहिलं. पिस्टन वडील झाला. गुडघा धरून तो असा काही कण्हला, की सगळे हसून लोळले. चष्मेवाल्याला मात्र हसू येईना.

तो आठवडा त्याने कसा काढला त्याचं त्यालाच माहीत. रात्री झोप नाही, दिवसा चित्त नाही. एका शिक्षकांचा चष्मा त्याने त्यांच्या बायकोला दिला, आणि ती बिचारी चाचपडत जिना उतरली. लाल गाडीत बसलं की तिची शिसारी यायची. उतरलं की वळून बघावंसं वाटायचं. शनिवारी तो पुन्हा गॅरेजात गेला. जुनी गाडी अजून कोपऱ्यात उभी होती.

"ही लाल सोडलीस तर परत मिळायची नाही. गिऱ्हाईक टपून बसलंय," मिस्त्री म्हणाला.

त्याने लाल गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं आणि तीनदा बघितलं.

रविवारी त्याने वडिलांच्या घराखाली दोनदा हॉर्न वाजवला. वडील गॅलरीत आले, त्यांनी गाडी पाहिली आणि ते आत गेले. खाली काही आले नाहीत. त्याने आणखी दोनदा वाजवला. मग दोन दोन पायऱ्या चढत तो वर गेला आणि दारातच उभा राहिला.

"चला बाबा! जुनी परत आणली. ती लाल देऊन टाकली."

वडील खुर्चीत बसले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद वगैरे काही दिसेना.

"देऊन टाकलीस? अरे, वीस वर्षं नाव घेत होतास तिचं."

"तुम्हाला बसता येत नव्हतं ना. चपला घाला, ऊन वाढेल."

वडील हलले नाहीत. "मला गाडी लागते रे," ते हळूच म्हणाले.

"आज?"

"लहानपणापासून. वळणं आली की पोटात ढवळायला लागतं. तू गेल्यावर मी दुपारपर्यंत आडवा असतो."

अकरा वर्षं, एकेक रविवार, सगळी वळणं चष्मेवाल्याच्या डोळ्यांपुढून गेली. त्याचा आवाज चढला.

"मग येत कशाला होतात?"

वडिलांनी समोरच्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलून खाली ठेवली.

"घरी आलास की तू बसतोस कुठे?"