चावडीची कडी

फोटोवाल्यानं कॅमेऱ्याचा स्टँड तिसऱ्यांदा हलवला, तेव्हा कडूबाईनं हातातला झाडू खाली ठेवला.

"साहेब, ऊन चढायलंय. काय काढायचं ते आताच काढून घ्या. पुढच्या हप्त्यात पाडायलेत हिला."

"म्हणून तर आलो, मावशी," तो म्हणाला. "निजामाच्या काळातल्या अशा इमारती आता राहिल्यात किती? जिल्हाभर फिरून फोटो काढतोय. तुमच्या गावात पहिल्यांदाच आलो."

दगडी जोतं, तीन कमानी, मधल्या कमानीवर उर्दूत कोरलेली शिळा. गावची चावडी देखणी होती, यात वाद नाही. पण कडूबाईनं ती कैक वर्षं धड पाहिलीच नव्हती. बौद्धवाड्यातल्या बायांनी चावडीसमोरून जाताना वहाणा हातात घ्यायच्या, पदर पुढं ओढायचा आणि मान वर करायची नाही, अशी गावाची रीत. ओट्यावर कोण बसलंय, कोण हसतंय, ते त्यांनी बघायचं नसायचं. निम्मं आयुष्य तिनं चावडीपुढची धूळ बघत काढलं. पुढं ग्रामपंचायतीनं तिला तीच धूळ झाडायच्या कामावर ठेवलं. गाव मेहरबान झालं की असं होतं.

फोटोवाला पन्नाशी उलटलेला, बेताच्या उंचीचा, मवाळ बोलणारा. सेलूहून एसटीनं आला तो थेट इथंच. बाजारात चहासुद्धा घेतला नाही. कडूबाईनं तांब्या पुढं केला तर तिच्या हातचं पाणी गटागटा प्यायला. तेवढ्यावरच ती निम्मी विरघळली.

"ती मागची खोली कसली?" ओट्यावरूनच त्यानं विचारलं.

"कोठी. पूर्वी धान्य असायचं. पुढं रिकामी पडली, मग गावातली पोरं पत्ते खेळत बसायची. जळाली व्हती ती."

जळाल्यावर कोठीला नवी चौकट बसवली होती. जुनं दार इतकं बुटकं होतं म्हणतात, की कमरेत वाकल्याशिवाय आत जाता येत नसे. गवंड्यानं नवं चांगलं हातभर उंच केलं. पण त्या वेळचे पत्तेवाले, आता केस पिकलेले, चावडीत काही कामानं आले की अजून तिथं वाकायचे. पुढारी असो की पाटील, रिकाम्या हवेला मुजरा करूनच आत. नव्या माणसांना ती खोड नव्हती. कडूबाईलाही नव्हती. जुन्या दारातून तिला कधी कुणी आत घेतलंच नव्हतं, त्यामुळं ती ताठ मानेनं आत जायची आणि त्या बाकीच्यांना वाकताना बघून मनातल्या मनात हसायची. चावडीनं तिला दिलेलं सुख एवढं एकच.

"कशी जळाली?" फोटोवाल्यानं विचारलं.

"माझा लेक नागनाथ त्याच्यात जळाला, साहेब."

अठ्ठ्याहत्तर साल. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. वाड्यातल्या घरांना आगी लागल्या तेव्हा नागनाथ पळत सुटला आणि चावडीच्या कोठीत शिरला. सरकारी जागेत कोण हात लावील, असं वाटलं असेल पोराला. पोलिसांनी नंतर लिहिलं, कंदील लवंडून आग लागली, दार उघडंच होतं.

कडूबाईनं कमानीमागच्या कोनाड्यातून फडक्याची गाठोडी काढली आणि सोडली. आत लोखंडी कडी होती, कोयंड्यात अडकलेली. आगीनं वाकून दोन्ही एकमेकांत घट्ट बसली होती.

"राखंत घावली. दार उघडं असतं तर ही अशी अडकून राहिली असती का? भाईरून लावली, साहेब. कुनीतरी भाईरून लावली."

फोटोवाल्यानं कडीचे फोटो काढले. काढताना त्याचा हात कापत होता. कडूबाईला भरून आलं. इतक्या वर्षांत तहसीलदार आले, पत्रकार आले, कुणाचा हात कापला नव्हता.

"मावशी, मी हे छापून आणतो. केस पुन्हा उघडायला लावू," तो हळूच म्हणाला. "पण नुसत्या कडीवर कोर्ट विश्वास ठेवायचं नाही. कुणी पाहिलं होतं का?"

कडूबाईनं रस्त्याकडं एकदा बघून घेतलं. हे तिनं सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. पण चावडी आठवड्याभरात भुईसपाट होणार होती आणि तिचा स्वतःचा खोकलाही काही बरा दिसत नव्हता. नागनाथला न्याय मिळायचा तर आता, नाहीतर कधीच नाही.

"हाय एक. मनकर्णा. चावडीमागच्या माडीतली लेक. कडी लावणाऱ्याचं तोंड तिनं वरून बघितलं. मला नाव सांगना. म्हणती, जजापुढंच सांगीन, तुला सांगितलं तर तू कायतरी करून बसशील."

"आता कुठं असते?"

"पूर्णेला. नवरा रेल्वेत हाय. रेल्वेच्या दवाखान्यामागं क्वार्टर, दारात कडुनिंब. मालक ड्यूटीवर गेला की एकलीच असती बिचारी."

फोटोवाल्यानं मान हलवली. कडी फडक्यात नीट बांधून बॅगेत ठेवली. "ही माझ्याकडं राहू द्या. इथं पाडापाडीत हरवेल."

"न्या, साहेब. लय उपकार झाले." कडूबाईनं पदरानं डोळे पुसले. अंगावरचं ओझं कुणीतरी उतरवून घ्यावं तसं तिला वाटलं. बऱ्याच वर्षांनी तिला रडून बरं वाटलं.

"आतून एक फोटो घेतो आणि निघतो," तो म्हणाला. "दुपारची पूर्णेची गाडी मिळेल."

त्यानं बॅग खांद्याला लावली, कॅमेरा छातीशी धरला आणि भराभरा कोठीकडं गेला. कडूबाई हात जोडून त्याच्याकडं बघत राहिली.

दाराशी आल्यावर, डोक्यावर हातभर जागा मोकळी असताना, तो कमरेत वाकला आणि आत गेला.